डोळ्याचा डॉक्टर पारखायला निघालो तेव्हा

सन दोन हजार चोवीस. त्या साली मला एकाहत्तर सरून बाहत्तरावं लागलं होतं. हे वय मी आईच्या सांगण्यावरून धरतो. शाळेच्या दाखल्यात वेगळंच आहे, पण शाळा मी तिसरीतच सोडली, त्यामुळं दाखल्यापेक्षा आईचं खरं.

लिहितोय ते आमच्या वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाड्यांवर राहणाऱ्या माणसांसाठी. तालुक्याचं नाव आता बदललंय, पण आमच्या तोंडी वेल्हंच आहे. आमच्याकडं डोळा अधू झाला की माणूस ओसरीवर बसतो आणि मग बसूनच राहतो. मी बसलो नाही. तीन दिवस फिरलो, तीन डॉक्टर बघितले. त्यात जे कळलं ते आणि जे कळलं नाही तेही हितं लिहितो. कळलं नाही ते जास्त आहे. अक्षर मोठं आणि वाकडं आहे, वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

माझा डावा डोळा दोन वर्षांत धुरकटत गेला. त्याला फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. सगळा भार उजव्यावर. दिवाळीनंतर तोही दगा द्यायला लागला. समोरचं दिसायचं, बाजूचं नाही. दाराची चौकट खांद्याला लागायची. खळ्यावर भाताची मळणी चाललेली, तिथं सूप पायाखाली आलं आणि मोडलं. सुपाचं काही नाही, पण सगळी हसली, आणि हसणाऱ्यांत कोण कोण आहे तेच मला दिसेना. त्या दिवशी मी घाबरलो. हे मी आज पहिल्यांदा कबूल करतोय.

रघू, माझा मुलगा, पुण्याला कंपनीत असतो. तो फोनवर म्हणाला, "आप्पा, मोबाईलवर डॉक्टर काढून ठेवलाय. त्याला पाच चांदण्या हायेत."

"चांदण्या कोन देतं?"

"लोक देत्यात."

"कुठलं लोक?"

"त्ये कसं सांगू? कुनीबी."

"म्हंजे पारख कुनीबी करायची आन डोळा माझा? न्हाई जमायचं. माझा डॉक्टर म्या बघून घीन."

"आप्पा, डॉक्टर म्हंजे बैल न्हवं!"

तो रागानं म्हणाला, पण मला तीच गोष्ट पटली. चाळीस वर्षं मी बैल पारखतोय. आमच्या खोऱ्यात कुणाला जोड घ्यायची असली की मला बाजाराला घेऊन जातात. मी काय करतो, तर विकणाऱ्याला आपल्याला काय पाहिजे ते सांगत नाही, आणि सगळ्यात आधी एकच विचारतो, "खोड काय हाय?" जो म्हणतो खोडच नाही, त्याच्या दावणीला मी थांबत नाही. प्रत्येक जनावराला काहीतरी असतंच. मग डॉक्टरला का नसावं? मी ठरवलं, प्रत्येकाला विचारायचं, की तुमच्या हातून आजवर किती डोळे गेले?

नसरापूर

सकाळच्या एसटीनं निघालो. कामथडीला माझी लेक सुमन दिलेली आहे. तिच्याकडं मुक्काम करायचा आणि तिथनं सगळीकडं जायचं असा बेत होता.

नसरापुरात एका शाळेत डोळ्यांचं शिबिर होतं. वऱ्हांड्यात दोनशे तरी म्हातारी माणसं बसलेली. मला वाटलं होतं आमच्या खोऱ्यात मीच एकटा अधू. हितं बघितलं तर निम्मा तालुका भिंतीला हात लावून चाललेला.

भिंतीवर अक्षरांचा तक्ता. एकेकाला खुर्चीवर बसवून वाचायला लावायचे. माझ्यापुढं वीसेक माणसं होती आणि सगळी मोठ्यानं वाचत होती. र, ल, ट, म. त्याखाली ग, न, प, द, स. माझा नंबर येईस्तोवर सगळा तक्ता मला पाठ झाला. मी काय वाईट विचारानं पाठ केला नाही, कानावर पडत होतं ते डोक्यात बसलं. खुर्चीवर बसलो आणि घडाघडा म्हणून दाखवलं, शेवटच्या बारीक ओळीसकट. तपासणारी पोरगी म्हणाली, "बाबा, उजवा डोळा एकदम छान आहे तुमचा!"

मला बरं वाटलं. मग लगेच वाईट वाटलं, कारण शेवटची ओळ मला दिसलीच नव्हती. मनात म्हटलं, हिला माझी लबाडी कळली नाही, म्हणजे ही पारखीत नापास. पण मग मी पास झालो का काय झालो, ते काही कळेना.

पुढं डॉक्टर होते. तरुण, घामानं भिजलेले. त्यांनी बॅटरी मारली आणि म्हणाले, "डाव्यात मोतीबिंदू पिकलाय. गुरुवारी गाडी येईल, त्यात बसा, ऑपरेशन करून परत आणून सोडतील. डावा करू, उजवा चांगलाच आहे."

मी माझा प्रश्न विचारला, "तुमच्या हातनं आजवर किती डोळं गेलं?"

ते बघतच राहिले. मग मागच्या माणसाला म्हणाले, "पुढचे या."

मी उठलो. मागचा म्हातारा मला म्हणाला, "आवो, डॉक्टरला आसलं इचारत्यात व्हय?"

"का न्हाई इचारायचं? आपला डोळा हाय का त्यांचा?"

"त्यांचा आसता तर एवढी रांग नसती लागली!" तो म्हणाला आणि आजूबाजूचे सगळे हसले. मीही हसलो. पण गुरुवारच्या गाडीत नाव घातलं नाही.

कामथडी

सुमनचं घर रस्त्यापासून जवळ आहे. दिवसभर हमरस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येतो, आणि या लोकांना तो ऐकूच येत नाही. आमच्या वाडीवर एक फटफटी आली तरी चार घरांतनं माणसं बाहेर येतात. जेवायला बाजरीची भाकरी आणि वांग्याची भाजी होती. आमच्याकडं तांदळाची भाकरी, नाहीतर नाचणीची. बाजरी मला जड जाते, पण लेकीला सांगितलं नाही.

"आप्पा, दादूस म्हनतोय त्याप्रमानं पुन्याला का जात न्हाई?" सुमननं विचारलं. रघूला ती दादूस म्हणते.

"पुन्यात हाय काय?"

"हितं तरी काय हाय? शिबिरात जाऊन भांडून आलात."

"भांडलो न्हाई. इचारलं."

"तुमचं इचारनं म्हंजे भांडनंच असतंय."

डोळे चुरचुरत होते म्हणून खिशातली बाटली काढून दोन-दोन थेंब टाकले. मळणीच्या भुसानं मला नेहमीच चुरचुरतं, म्हणून ही बाटली कायम माझ्या बंडीत असते.

"ह्ये कसलं औषध?" सुमन.

"थंडाव्याचं."

"कुनी दिलं?"

"कुनी द्याया कशाला पायजे? माझं मला कळतंय."

ती भाकरी थापत बसली. तिला आईचीच सवय आहे, बोलायचं असलं की गप्प बसते.

कापूरहोळ, आणि चुकून किकवी

दुसऱ्या दिवशी कापूरहोळला गेलो. तिथनं भोरचा रस्ता फुटतो, त्यामुळं ढाबे, गॅरेजं आणि गाड्यांची नुसती झुंबड. एका ढाब्यावर मिसळ खाल्ली. चहा एवढा गोड की चमचा उभा राहील. आमच्याकडं पाहुण्याला कोरा चहा देतात आणि त्यात गुळाचा खडा. ह्या लोकांना तो पाणी वाटेल.

हमरस्त्याच्या कडेला डोळ्यांचं नवीन हॉस्पिटल झालेलं आहे, त्याचं नाव हितं लिहीत नाही. आत गार हवा आणि फरशी अशी चकचकीत की पाय टाकायला भीती. एका खोलीतनं दुसऱ्या खोलीत, दुसरीतनं तिसरीत. प्रत्येक खोलीत एक यंत्र आणि यंत्रामागं एक पोरगी. हनुवटी ठेवा, कपाळ लावा, हलू नका.

एका यंत्रानं डोळ्यावर फुस्सकन वारा सोडला. मी मान मागं घेतली. "आजोबा, हलू नका ना!" पुन्हा फुस्स, पुन्हा मी मागं. तिसऱ्यांदा तर मी डोळाच मिटून घेतला. माणसाच्या डोळ्यात वारा मारायचा ही कुठली तपासणी? ती कंटाळली आणि म्हणाली, "राहू दे, नंतर बघू." मी मनात म्हटलं, जिंकलो. काय जिंकलो ते पुढं भोरला कळलं.

मग डोळ्यांत औषध टाकून तासभर बसवून ठेवलं. मोठे डॉक्टर आले ते हसतच. हात मिळवला. माझ्या वयाच्या माणसाशी कुणी डॉक्टर हात मिळवतो हे मी पहिल्यांदा बघितलं. ते म्हणाले, "काका, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. आधी उजवा करू, तो महत्त्वाचा." आणि मग आत बसवायच्या भिंगांची नावं सांगितली, लांबचं दिसणारं, जवळचं दिसणारं, दोन्ही दिसणारं, परदेशी, देशी.

काल एक म्हणाला आधी डावा, उजवा चांगला. आज दुसरा म्हणतो आधी उजवा. डोळे माझे तेच. एका रात्रीत उलटे कसे झाले?

मी विचारलं, "डॉक्टर, तुमच्या हातनं किती डोळं गेलं?"

ते हसले. "काका, आपल्याकडं शंभर टक्के. निर्धास्त राहा."

झालं. खोडच नाही म्हणणारा. मी म्हटलं, "पोराला इचारून सांगतो," आणि उठलो.

बाहेर आलो आणि मला काही दिसेना. ऊन डोळ्यांत सुया टोचल्यासारखं. समोरच्या पाट्या पांढऱ्याफटक. तिथल्या पोरीनं सांगितलं असेल की औषधानं काही तास असं होतं, पण मी तेव्हा रागात होतो, ऐकलं नव्हतं. मला वाटलं, माझा डोळा ह्यांनी घालवला. पण कुणाला विचारायचं नाही, ही माझी खोड. कामथडीकडं जाणारी समजून मी समोर थांबलेल्या एसटीत चढलो. गाडी हलली तेव्हा वारा दुसऱ्या बाजूनं लागायला लागला. कंडक्टरला म्हटलं, "कामथडी."

"कामथडी? आवो बाबा, गाडी साताऱ्याकडं चाललीय! पाटी न्हाई का बघितली?"

"बघितली."

"मग?"

मी म्हटलं, "मला किकवीलाच उतरायचंय. कामथडी चुकून तोंडात आली." सगळी गाडी ऐकत होती, दुसरं काय म्हणणार? आणि किकवीला उतरलो.

किकवीला माझं कुणी नाही. रस्त्याकडंच्या एका घरापुढं झाड होतं, त्याच्या सावलीला डोळे मिटून बसलो. अंगणात एक म्हातारी शेंगा फोडत होती. तिचं नाव पारूबाई, हे नंतर कळलं.

"पावनं, उन्हात का बसलाय?"

"सावलीतच बसलोय की."

"सावली कवाच सरली तितनं."

मला कळलंच नव्हतं. ती उठली, माझा दंड धरला आणि ओसरीवर नेऊन बसवलं. दुसरी कुणी असती तर मी हात झिडकारला असता. पाणी दिलं आणि म्हणाली, "डोळ्यात औषध टाकलंय न्हवं कुनी? पुतळ्या केवढ्या झाल्यात. भिऊ नगा, सांजच्याला जातंय."

"तुमाला कसं म्हाईत?"

"माझ्यात धा येळा टाकलंय." ती जवळ आली. तिचा उजवा डोळा चांगला होता. डाव्या डोळ्याच्या जागी पांढरं होतं, उकडलेल्या अंड्यावानी.

तिनं पिठलं-भाकरी वाढली, वर मिरचीचा ठेचा. पोट भरल्यावर मी तिला सगळं सांगितलं, शिबिर, भिंगं, शंभर टक्के. ती हसत होती.

"आता ऐका. भोरला जावा. नदीच्या अंगाला एक बाई डॉक्टर हाय. ल्हान दवाखाना हाय, पत्रा हाय वर. तिच्याकडं जावा."

"चांगली हाय?"

"लई रागावती."

"तुमचा उजवा तिनंच केला व्हय?"

"उजवाबी तिनंच केला." मग ती शेंगा फोडत बोलली, "आन डावा तिच्याच हातनं गेला."

मी तिच्याकडं बघत राहिलो. मला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही.

"तुमचा डोळा घालवला तिनं, आन मला तिच्याकडं धाडताय?"

"व्हय."

"का?"

"आप्रेशान झालं, चार दिसांनी पू झाला. ती सोता आली हितं, हितं ह्या वसरीवर. रोज. पुन्याच्या दवाखान्यात सोता घिऊन गेली, सोता बसली माझ्यापाशी. डोळा न्हाई वाचला. मला म्हनली, पारूआजी, माझ्या हातून झालंय. आसं तोंडावर म्हनली. पळाली न्हाई. मग दुसरा डोळा दाखवायचा झाला तवा पोरं म्हनली पुन्याला जाऊ. म्या म्हनलं, जी पळाली न्हाई तिच्याकडनंच करीन."

"तुमी येड्या हाईसा," मी म्हटलं.

"आसंन," ती म्हणाली. "पन मला दिसतंय. तुमाला सावली दिसना."

भोर

सांजच्याला किकवीहून कामथडीला परतलो आणि दोन्ही डॉक्टरांचं सुमनला सांगितलं. तिसऱ्या दिवशी सुमन म्हणाली, "म्या येनार." मी नको म्हटलं, तिनं चपला घातल्या.

भोरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी वडाची झाडं आहेत, ती मी लहानपणापासून बघतोय. त्या दिवशी मला समोरचा डांबरी पट्टा दिसत होता आणि झाडं दिसत नव्हती. एसटीत सावली-ऊन, सावली-ऊन होत होतं, त्यावरून झाडं आहेत एवढं कळत होतं. 

दवाखाना पारूबाईनं सांगितला तसाच, वर पत्रा. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, केस अर्धे पिकलेले. यंत्र एकच. मी खुर्चीवर बसायच्या आधीच विचारलं. आता मला धीर नव्हता.

"तुमच्या हातनं किती डोळं गेलं?"

सुमननं कपाळाला हात लावला.

बाईंनी पेन खाली ठेवला. रागावतील असं वाटलं. त्या म्हणाल्या, "दोन. एक किकवीच्या पारूआजींचा. दुसरे भोरचेच, ते आता नाहीत. बसा."

मी बसलो नाही. चाळीस वर्षं मी हेच उत्तर शोधत बाजार फिरलो, आणि जेव्हा ते डॉक्टरच्या तोंडून ऐकलं तेव्हा मी एक पाऊल मागं सरलो. दोन डोळे. खोड सांगणारा खरा, हे मी बैलाबद्दल म्हणत होतो. बैलाची खोड कळली तर आपण बैल घेत नाही, नाहीतर कमी किमतीला घेतो. डॉक्टरची खोड कळल्यावर काय करायचं असतं? हे मी कधी विचारातच घेतलं नव्हतं. मी बाहेर आलो.

नदीच्या कडेला जाऊन बसलो. सुमन मागनं आली, तिनं वडापाव आणला होता. आम्ही तो खाल्ला.

"आप्पा, तुमी ज्ये इचारलं त्याचं तिनं उत्तर दिलं. आता काय?"

"आता काय म्हंजे?"

"पयल्यानं उत्तर दिलं न्हाई म्हनून सोडला. दुसऱ्यानं खोटं दिलं म्हनून सोडला. हिनं खरं दिलं म्हनून सोडताय. मग चवथा कसा आसला म्हंजे तुमाला चालंल?"

मी नदीकडं बघत होतो आणि मला नदीचा मधला तुकडाच दिसत होता, दोन्ही काठ नव्हते.

"चल," मी म्हटलं.

दवाखान्यात बाईंनी नुसती खुर्ची दाखवली. यंत्राला हनुवटी लावली. त्यांनी निळा उजेड डोळ्याला टेकवला. मी मान मागं घेतली तेव्हा त्यांनी माझं डोकं मागनं धरलं, जनावराचं शिंग धरतात तसं घट्ट. "हलायचं नाही." मी हललो नाही. मग दुसरा डोळा. मग पुन्हा पहिला. त्यांचा चेहरा बदलला.

"आधी कुणी डोळ्यातला दाब, प्रेशर बघितलं नाही? वारा मारून बघतात ते."

"वारा मारत हुत्या. म्या मारू दिला न्हाई."

"शाबास," त्या म्हणाल्या, पण ते शाबास वेगळं होतं. "डोळ्यांत काय घालता?"

"काय न्हाई."

"बाबा, एवढं सहसा आपोआप होत नाही. काय घालता?"

आपलं काही सांगायचं नाही, हा माझा कायदा. सुमननं माझ्या बंडीच्या खिशात हात घातला आणि बाटली काढून टेबलावर ठेवली. उभ्या जन्मात तिनं असं कधी केलं नव्हतं. मी तिला मारायला हात उचलला नाही एवढंच.

बाईंनी बाटली उजेडाला धरून वाचली. "हे कुणी दिलं?"

मग सांगावंच लागलं. तीन वर्षांपूर्वी आमच्या पाखऱ्या बैलाच्या डोळ्यात कारवीची काडी गेली होती. जनावरांच्या डॉक्टरांनी हे थेंब दिले आणि बैलाचा डोळा आठ दिवसांत कोरा झाला. भुसानं माझे डोळे लाल झाले तेव्हा मी तेच टाकलं. काय गार वाटलं! लाली गेली. मग संपली की रिकामी बाटली दुकानात दाखवायची आणि दुसरी आणायची.

"बैलाला किती दिवस घातलं?"

"आठ."

"आणि तुम्ही?"

"तीन वर्सं."

त्या रागावतील म्हणून मी वाट बघत होतो. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू बोलल्या. भाताच्या खाचरात पाणी येत राहतं आणि बाहेर जायचं तोंड बुजलं तर काय होतं, असं मला विचारलं.

"बांदावर भार येतो. बांद फुटतो."

"तसंच. ह्या औषधानं तुमच्या डोळ्याचं तोंड बुजलं. डोळ्याच्या मागची शीर त्या भारानं मेली. डावी पूर्ण गेली, ती परत येत नाही. मोतीबिंदू काढला तरी नाही. उजवीची अर्धी गेलीय. बाजूचं दिसत नाही ना?"

"न्हाई," मी म्हटलं. हे मी तीन दिवस कुणालाच सांगितलं नव्हतं.

"राहिलेली अर्धी ठेवता येईल. आज ऑपरेशन नाही. हे थेंब बंद, आणि मी देते ते दिवसातनं दोन वेळा, जन्मभर. एक तपासणी पुण्याला करून आणा, माझ्यावर एकटीवर विसंबू नका."

मी तीन दिवस चाकू चालवणारा हात शोधत होतो आणि मला चाकूच नको होता. पहिला म्हणाला डावा, दुसरा म्हणाला उजवा, तिसरी म्हणाली कुठलाच नाही, आणि वर स्वतःवर विसंबू नका म्हणाली. यातला सगळ्यात चांगला डॉक्टर कोणता, हे मला विचारलं तर मी अजून नीट सांगू शकणार नाही. पहिल्या दोघांना मीच नीट बघू दिलं नव्हतं. तक्ता मीच पाठ म्हटला, मान मीच मागं घेतली. ते वाईट होते का मी त्यांना वाईट केलं? बैल असं करत नाही. बैल तरी गप उभा राहतो.

उठताना बाईंनी विचारलं, "हे बैलाचं औषध तुमच्या तिकडं आणखी कुणी घालतं?"

सुमन माझ्याकडं बघायला लागली.

घालत होता. आमच्या वाडीच्या वर, पठारावर धोंडिबा म्हणून धनगर राहतो. माझा लहानपणापासूनचा जोडीदार, आम्ही दोघांनी एकत्र गुरं राखली. त्याचे डोळे धुरानं लाल व्हायचे. गेल्या उन्हाळ्यात मीच त्याला बाटली दिली होती आणि म्हणालो होतो, शहरातल्या डॉक्टरच्या बापाला जमणार न्हाई असं औषध हाय. संपली की मी दुसरी नेऊन देत होतो. तो पैसे देऊ करायचा, मी घ्यायचो नाही. मला त्यात माझा मोठेपणा वाटायचा.

"एक जण घालतो," मी म्हटलं.

"त्याला आणा," बाई म्हणाल्या. "लवकर आणा."

घर, आणि दुसरी सकाळ

सुमन कामथडीला उतरली. मी पुढं वेल्ह्याला आलो आणि दिवस मावळायच्या आत घर गाठलं. घरचीनं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "आप्रेशान न्हाई." ती म्हणाली, "बरं झालं." मी तिला अजून पुढचं सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच काठी घेतली आणि पठाराची वाट धरली. ती वाट मी डोळे झाकून चढायचो. त्या दिवशी दर दहा पावलांना थांबून दोन्हीकडं मान वळवून बघत चढलो. धोंडिबा मेंढरांच्या वाड्याचं झाप, म्हणजे कुडाचं दार, उघडून मेंढरं मोजत होता.

"आरं सोपाना! एवढ्या सकाळचा? औषध आनलंस व्हय? माझं संपाया आलंय."

"धोंड्या, बाटली आन हिकडं."

"का?"

"आन म्हंतो ना."

त्यानं आतून आणली. मी ती घेतली आणि दगडावर आपटली. तो बघतच राहिला. मी त्याला त्याच्या डाव्या बाजूला उभा राहून विचारलं, "माझा हात दिसतोय?"

"कुठला हात?"

मी हात वर धरलेला होता, त्याच्या कानाच्या पुढं. थोडा आणखी पुढं नेला.

"आता दिसला," तो म्हणाला. "तू लपवला हुता का?"

"न्हाई," मी म्हटलं. "धोंड्या, म्या तुला चुकीचं औषध दिलं. त्यानं माझा डोळा गेला. तुजाबी जातोय. माझ्यामुळं."

मेंढरं त्याच्या पायांतनं बाहेर निघून गेली, मोजायची राहिली. मग तो म्हणाला, "तू आन चुकलो म्हनतोस? बरा हाईस ना?" आणि हसला, आणि हसता हसता त्यानं माझा खांदा घट्ट धरला. त्यानं धरला तो राग होता का आधार होता, ते मला आजही कळलेलं नाही.

मी म्हटलं, "घोंगडं घे. भोरला जायचंय."

मेंढरं सुनेच्या ताब्यात देऊन तो निघाला. त्याला डावीकडचं कमी दिसत होतं, म्हणून मी त्याच्या डाव्या अंगाला राहिलो आणि मान वळवून वळवून बघत चाललो. एकमेकांचे दंड धरून आम्ही पठार उतरलो आणि पहिल्या एसटीला हात केला.